कासवीच्या पाठीवरचं सोलर

एका जंगलात तळ्याच्या काठी एक कासवी राहत असे. घर पाठीवरच, त्यामुळे भाडं नाही, घरपट्टी नाही, आणि त्याचा तिला तोरा भारी. कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते म्हणतात ना मुलांनो, ते हिच्या बाबतीत खरं होतं. काठच्या वाळूत अंडी पुरून ती दिवसभर तिकडं डोळे लावून बसायची. धास्ती एकच, मुंगसाची. अंधार पडला की ते मेलं वाळू उकरायला यायचं. तिथं एक दिवा असावा, एवढंच तिच्या मनात होतं.

हे कोल्ह्याला कळलं. तो सोलरचं पॅनेल घेऊन हजर. म्हणाला, छप्पर तुमचं, पॅनेल माझं. एक दिवा तुम्हाला फुकट, उरलेली वीज मी माकडांच्या पंख्यांना विकीन. बिघडलं तर पंचवीस वर्षं मीच येऊन दुरुस्त करीन, तुम्ही डोक्याला ताप घेऊ नका. कासवीनं तीनदा विचारलं, "पैसे नाही ना द्यायचे?" तो तीनदा नाही म्हणाला. आणखी काही विचारायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. शेजारची बेडकी म्हणाली, "अगं, घरात तरी विचार."

"घर पाठीवर आहे, कुणाला विचारू?" असं म्हणून कासवी कोल्ह्याच्या करारावर पंजा उमटवून मोकळी.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात निघाली, तर कोल्हा आडवा. "ताई, पॅनेल भिजेल." ती जांभळाखाली टेकली, तर म्हणे सावलीत वीज होत नाही, माकडं बोंबलतायत. मग त्यानं तिला उन्हात नेऊन बसवलं, तेही दक्षिणेला तोंड करून, कारण पॅनेलला तिकडचं ऊन जास्त मिळतं. "दक्षिणेला तोंड करून आमच्यात कुणी जेवतसुद्धा नाही," कासवी कुरकुरली. पण जेवणाचं सोडा. अंडी राहिली पाठीमागं. हिची नजर दिवसभर माकडांच्या पंख्यांवर, आणि अंड्यांवर कुणाचीच नाही. दिवा मात्र भर उन्हात लख्ख पेटायचा आणि सूर्य बुडाला की विझायचा. विचारलं तर कोल्हा म्हणाला, रात्रीसाठी बॅटरी लागते, ती फुकटात बसत नाही.

मुंगसाला आता रात्रीची वाट बघायचंही कारण उरलं नाही. ते भर दुपारी आलं. वाळू उकरल्याचा आवाज ऐकून कासवी वळू लागली. कोल्हा म्हणाला, "ताई, हलायचं नाही. ऐन उन्हाची वेळ आहे."

"छप्पर माझं आहे," कासवी म्हणाली, "ते आधी माझ्या अंड्यांवर धरीन."

वळायला तिला वेळ लागला, पण वळली, आणि जाऊन खड्ड्यावर फतकल मारून बसली. मुंगसानं तिच्या पाठीवर नखं घासून घासून बोथट केली आणि निघून गेलं. तिकडं पंखे बंद, माकडं कोल्ह्याच्या मागं. तो करार फडकवत धावत आला, तशी ती सरळ पॅनेलसकट पाण्यात उतरली. तळ्याच्या मध्यावर डोकं वर काढून नजर अंड्यांवर लावली.

"ताई, वर या, पॅनेल बिघडलं."

"बिघडलं ना? मग या दुरुस्तीला. पंचवीस वर्षं यायचं ठरलंय."

पाण्यात शेपूट बुडवायचीही कोल्ह्याची छाती नव्हती. काठावर येरझाऱ्या घालून शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं करार फाडला, तेव्हा ती बाहेर आली. अंडी फुटली, पिलं पाण्यात गेली. पुढच्या साली तळ्याकाठच्या सगळ्यांनी मिळून एक पॅनेल घेतलं, बॅटरीसकट, आणि काळ्या खडकावर बसवलं. घेण्याआधी कासवीनं इतके प्रश्न विचारले, की विकणारा सुतारपक्षी टेकीला आला.

तात्पर्य : कुणी फुकट म्हणून आपल्या छपरावर काही बसवू लागलं, तर पैसे किती एवढंच विचारून गप्प बसू नये, रात्री काय मिळणार आणि उद्यापासून छप्पर कुणाच्या हुकुमात राहणार, हेही तोंड उघडून विचारावं.