गुडगुडी आणि तीन नकार

एका राज्यात विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे. शेजारीण करवंटी घेऊन दारात उभी राहिली, की चुलीतला निखारा काढून द्यायचा. वैरी उभा राहिला, तरी द्यायचा. मग हवे तर त्याच्याशी भांडायचे. मागितलेला विस्तव नाकारला तर घरची चूल रुसते, अशी त्या लोकांची श्रद्धा. माणसे मोठी गोड. पण गोडाने दातही किडतात, हे काही मी सांगायला नको.

त्या राज्याचा राजा धवलसेन. उंचापुरा, मनाचा मोकळा, प्रजेचा लाडका. त्याची राणी हेमकला. आणि त्याला लहानाचा मोठा केला ती दाई गिरजाई. राजाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून गिरजाईच त्याची आई. राजा मुकुट घालून दरबारात निघाला, तरी ती त्याला "बाळा" म्हणूनच हाक मारी, आणि दरबारी लोक हसू दाबत खाली बघत.

राज्य त्याच्यावर सोपवून निवांत झालेले राजाचे वडील पुढे वारले आणि राजा खचला. अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. तेव्हा राज्याच्या सीमेवरच्या डोंगरातून काजळ्या नावाचा मांत्रिक आला. त्याने राजापुढे एक गुडगुडी ठेवली. चांदीची, पाचू-माणकांनी मढवलेली. तिच्या चिलमीतली तंबाखू कधी संपत नसे.

"राजा, दुःख आत कोंडू नये. धुराबरोबर सोडून द्यावे."

"याच्या बदल्यात काय घेशील?"

"तू सोडशील तो धूर. दुसरे काही नको."

राजाला वाटले, धूर काय, तो वाऱ्यावरच जायचा. त्याने होकार दिला आणि पहिला झुरका घेतला. तोंडातून धूर निघाला, त्याचा राखी रंगाचा पक्षी झाला आणि खिडकीतून डोंगराकडे उडून गेला. दरबाराला मौज वाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय विचारता! राजाच्या चिलमीला विस्तव कुणी द्यायचा यावरून राज्यात चढाओढ लागली. कुणी बाभळीचा निखारा आणी, कुणी चिंचेचा. म्हाताऱ्या बायका पदराने वारा घालत, निखारा फुलवत राजवाड्याच्या पायऱ्या चढत. "आमच्या घरचा विस्तव महाराजांनी घेतला," असे अभिमानाने सांगत. राखी पक्षी डोंगराकडे उडत राहिले.

आणि राजाचा दम जाऊ लागला. जिना चढताना तो मध्येच बसे. घोड्यावर चढवायला दोन माणसे लागत. हसायला गेला की खोकला येई, आणि खोकला आला की राणी हेमकला त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसे. "हवा बदलली आहे," असे राजा म्हणे. हवा तीच होती.

एके सकाळी बागेतल्या जांभळीवर एक भारद्वाज येऊन बसला. भारद्वाजाचे दर्शन शुभ, म्हणून राजाने हात जोडले.

"हात कशाला जोडतोस?" भारद्वाज म्हणाला. "मी शुभ बोलायला आलेलो नाही. शुभ ऐकून ऐकूनच तुझी ही दशा झाली."

"मग काय बोलायला आलास, पक्षिराज?"

"ते राखी पक्षी म्हणजे तुझा श्वास आहे, राजा. काजळ्या तो कातड्याच्या भात्यात भरून ठेवतो आणि त्यावर जगतो. भाता भरत आला आहे. आता एक झुरका घेशील, तो शेवटचा. भात्याचे तोंड बांधले जाईल आणि तू मरशील."

राजाचा चेहरा उतरला. "सुटका कशी?"

"गुडगुडी ओळीने तीन सूर्यास्त थंड राहू दे. तिला निखारा नुसता टेकला, तरी दुसऱ्या दिवसापासून नवी मोजणी. भाता आपोआप फुटेल. मात्र एक लक्षात ठेव. ती गुडगुडी कुणाच्याही विस्तवाने पेटत नाही. तुझ्यावर माया करणाऱ्याच्या हातचाच विस्तव तिला लागतो. काजळ्या कपटी असेल, मूर्ख नाही."

इतके सांगून भारद्वाज उडून गेला.

राजा मानी होता. त्याने कुणाला काही सांगितले नाही. आपले आपण निस्तरू, म्हणाला. त्याने गुडगुडी नदीत बुडवली. दुसऱ्या दिवशी ती उशाशी हजर, कोरडी ठणठणीत. अंगणात पुरली, तर तेथूनही वर आली, अंगाला मातीचा कण नाही. शेवटी तिच्याकडे पाठ फिरवून तो दालनात बसून राहिला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, कपाळाला घाम फुटला, शब्द सुचेना. गिरजाईने ते दारातून पाहिले.

ती धावत मुदपाकखान्यात गेली, निखारा घेऊन आली. "घे बाळा, एकच झुरका घे. बरं वाटेल."

तिने निखारा चिलमीला टेकवला, राजाने नळी तोंडाशी नेली. तेवढ्यात जांभळीवरून भारद्वाज असा काही ओरडला, की गिरजाईच्या हातातला निखारा फरशीवर पडून विझला. राजा वाचला, पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून आली, आणि तो भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

"माझा नाश माझ्याच माणसांच्या हातून होणार!"

"त्यांना बोल लावू नकोस," खिडकीत येऊन भारद्वाज म्हणाला. "तू त्यांना सांगितलेस का? त्यांना तुझी तलफ दिसते. तुझा निश्चय त्यांना कसा दिसावा?"

"ठीक आहे. उद्या दवंडी पिटवतो. राजाला विस्तव देईल त्याचा शिरच्छेद."

"छान! म्हणजे तलफ आली की तूच दुसरी दवंडी पिटवशील. भीतीने दिलेला नकार एका डरकाळीत विरघळतो, राजा. विनंती कर."

राजाने आजवर कुणाला विनंती केली नव्हती. ती कशी करतात हेही त्याला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजा सिंहासनावर बसला नाही, खाली पायरीवर बसला. गुडगुडी समोर ठेवली आणि सगळे सांगितले. धूर, पक्षी, भाता, मरण. मग खाली मान घालून म्हणाला, "हे मला एकट्याला जमत नाही. मी तुमच्यापाशी विस्तव मागेन. रागावेन, रडेन, नको नको ते बोलेन. तरी देऊ नका. तुमची रीत मोडायला सांगतो आहे, हे मला कळते. पण मला जगायचे आहे."

मग मागून एक कासारीण उठली. हातातल्या बांगड्या मागे सारत ती म्हणाली, "महाराज, मागणाऱ्याला नाही म्हणायचं आम्हाला जमायचं नाही. जीभच रेटणार नाही. त्यापेक्षा असं करू, तीन दिवस चुलीच विझवू. घरात विस्तव नसला म्हणजे देणार कुठून?"

आणि त्या दिवशी राज्यातल्या सगळ्या चुली विझल्या. लोकांनी भिजवलेले पोहे खाल्ले, काकडी खाल्ली, दही-गूळ खाल्ला. भाकरीवाचून ज्यांचे पान हलत नसे, असे पैलवान केळी मोजून पोट भरू लागले. कुरकुर झाली, नाही असे नाही. पण चूल कुणी पेटवली नाही.

पहिल्या दिवशी दुपारीच राजाची तलफ उसळली. सेनापती वज्रबाहूच्या छावणीत मात्र विस्तव होता. तलवारी तापवायची भट्टी विझवता येत नसे. राजा तेथे गेला.

"सेनापती, विस्तव दे."

"क्षमा असावी, महाराज."

"ही राजाज्ञा आहे!"

वज्रबाहूने कमरेची तलवार काढून राजाच्या पायाशी ठेवली. "आज्ञाभंगाची शिक्षा मला ठाऊक आहे. मान हवी तर ही घ्या. विस्तव मिळणार नाही." मग म्हणाला, "तोवर घोडे धुवायला नदीवर येता का?"

राजा संतापला. पण गेला. सूर्य मावळेपर्यंत दोघे कंबरभर पाण्यात उभे राहून घोड्यांना खरारा करत होते. परतताना राजा म्हणाला, "तलवार उचल." एवढेच. गुडगुडी थंड राहिली.

दुसरा दिवस वाईट गेला. राजाला सगळ्याचाच राग येऊ लागला. पडद्यांचा, पोपटांचा, स्वतःच्या बोटांचा. राणी हेमकलेच्या देवघरात नंदादीप तेवत होता. तो काही चूल नव्हे, म्हणून कुणी विझवला नव्हता. राजा देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"हेमकले, वात दे."

"नाही, स्वामी."

"तुझे माझ्यावर प्रेमच नाही. कधी नव्हतेच."

राणीने नंदादीपाकडे पाहिले, हात जोडले, आणि फुंकर घालून तो विझवला. मग राजासमोर जमिनीवर बसून ती रडली. अगदी मोकळेपणाने रडली. "तुम्ही बोललात ते मला लागलं," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बोलाल, तेही लागेल. पण मला तुम्ही हवे आहात, तुमची गोड बोलणी नंतर मिळाली तरी चालतील."

राजा तिच्या शेजारी बसला. दोघे सूर्यास्तापर्यंत सारीपाट खेळले. राजा वाईट हरला आणि त्याने फाशांवर आळ घेतला, म्हणजे थोडी सुधारणा होती.

तिसऱ्या दिवशी काजळ्या घाबरला. त्याने वैद्याचे रूप घेतले, कपाळाला गंध लावले, हातात करवंटी घेतली. करवंटीत राखेखाली निखारा. तो थेट गिरजाईकडे गेला.

"माई, राजा तापाने तडफडतो आहे ना?"

"होय हो, वैद्यराज. सकाळपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नाही."

"ठरणार कसे? सवय एकदम तोडली की माणूस मरतो. सूर्यास्ताच्या आत एक झुरका मिळाला नाही, तर तुमचा बाळ गेला म्हणून समजा. तो भारद्वाज म्हणे सांगतो! पाखराला वैद्यकीतले काय कळते?"

बिचारी गिरजाई! राजाला कधी कशाला नाही म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. रडला की उचलले, रुसला की लाडू दिला. तिने करवंटी पदराखाली घेतली आणि राजाच्या दालनाकडे निघाली. वैद्य मागोमाग होता.

दालनात राणी होती, सेनापती होता, दाराशी लोकांची दाटी होती. ऊन कलले होते. राजा मंचकावर पडला होता, डोळे खोल गेले होते. पदराखालची ऊब त्याला दुरूनच कळली. तो उठून बसला.

"गिरजाई, दे."

राणी पुढे झाली, पण राजानेच तिला हाताने अडवले. इतकी त्याला तलफ होती. गिरजाईने राख बाजूला केली. निखारा फुलला. राजाने त्या लाल उजेडाकडे हात लांब केला, बोटे पसरून, आशाळभूतपणे.

आणि गिरजाईला तो हात दिसला. रांगत्या वयात हाच हात असाच समईच्या ज्योतीकडे धावायचा. तेव्हा तिने काय केले होते? लाडू दिला होता? छे!

तिने राजाच्या हातावर फाडकन चापट मारली.

"भाजेल!" ती ओरडली. "नाही म्हणजे नाही!"

आणि करवंटीसकट निखारा तिने घागरीत टाकला. चर्र झाले. राजा आपल्या हाताकडे बघत राहिला, मग गिरजाईकडे. तिने आयुष्यातला तो दुसराच नकार दिला होता. राजाने तिच्या कुशीत डोके ठेवले आणि म्हणाला, "असेच धरून बस. सूर्य मावळेपर्यंत सोडू नकोस."

तिने सोडले नाही. सूर्य डोंगराला टेकला, अर्धा झाला, बुडाला.

दूर डोंगरावर मोठा आवाज झाला. भाता फुटला होता. राखी पक्ष्यांचा थवा आभाळ व्यापून आला. राजवाड्यावर येता येता ते पांढरे झाले, आणि एकेक करून राजाच्या छातीत शिरले. राजाने एवढा मोठा श्वास घेतला, की अंगरख्याचे बंद तटातट तुटले. गुडगुडीची चांदी काळी पडली, माणकांचे कोळसे झाले. बाहेर लोकांनी चुली पेटवल्या, आणि तीन दिवसांचे उपाशी पैलवान भाकरीसाठी घराकडे पळाले.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी कोसळले. वैद्याचे रूप गळून पडले होते. काजळ्या एक हडकुळा, धापा टाकणारा म्हातारा होऊन फरशीवर पडला होता. सेनापतीने तलवार उपसली. लोक ओरडले, "तोडा त्याला!"

"थांबा," राजा म्हणाला. त्याने खिडकीत येऊन बसलेल्या भारद्वाजाला विचारले, "हा मरतो आहे का?"

"नाही," भारद्वाज म्हणाला. "त्याचा स्वतःचा श्वास आहे, चांगला पुरेसा. दुसऱ्यांच्या श्वासावर जगून जगून तो घ्यायचा कसा हे विसरला आहे."

काजळ्याने राजापुढे हात पसरला. हात कापत होता, कपाळाला घाम फुटला होता. "राजा, श्वासाचा एक घोट दे. एकच. मग पुन्हा मागणार नाही."

राजाने तो हात ओळखला.

"नाही," तो हळूच म्हणाला. मग मंचकावरून खाली उतरून तो काजळ्याजवळ फरशीवर बसला, आणि तो कापरा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पहिला दिवस फार वाईट असतो," राजा म्हणाला. "मी इथेच बसतो."