बिनव्हिसाचा मामा

कासारखेड नावाच्या गावात शिदू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द गावाने दिलेला. घरचे दुसरा शब्द वापरत. त्याच्यात दोष एकच होता. सांगितलेलं तो ऐकायचा. आपल्याकडे माणूस वाया जायला तेवढं पुरतं.

त्याची थोरली बहीण हौसाअक्का लग्न होऊन समुद्रापलीकडच्या एका बेटाच्या देशात गेली होती. तिथे तिच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, मसाल्याचं दुकान होतं. त्यांच्या मुलीचं, केतकीचं, लग्न तिथेच ठरलं. रविवारी दुपारी बारा दहाचा मुहूर्त निघाला. नवरीला मांडवात आणायचं ते मामानेच, आणि केतकीला मामा एकच. शिदू आला नाही तर पोरगी बोहल्यावर चढणार नाही, असं अक्काने फोनवर रडून सांगितलं. सगळं लग्न शिदूवर टांगलेलं होतं. बिचारीला दुसरा भाऊ नव्हता.

तालुक्याला घोलप नावाचा एजंट होता. तो सगळे नियम कोळून प्यायलेला होता. थोडे दिवस राहणाऱ्याला त्या देशात व्हिसा लागत नाही, असं त्याने समजावलं. “काही नको. नुसता पासपोर्ट घ्या आणि जा,” तो म्हणाला.

बुधवारी शिदू मुंबईच्या विमानतळावर पोचला. हातात नुसता पासपोर्ट. पिशवी घरी, तिकीट घरी, फोन घरी. चपला घालून आला होता, त्याचीच त्याला धास्ती वाटत होती. दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं. लागत नाही, घोलपांना विचारा, असं शिदूने सांगितलं. शिपाई घोलपांना ओळखत नव्हता. विमान गेलं.

शिपायाच्या फोनवरून शिदूने अक्काला कळवलं. दाजींनी कपाळावर हात मारला आणि शुक्रवारचं तिकीट काढलं. मग बजावलं, “शिदू, तिथं जे जे विचारतील ते ते जवळ पायजे. नाही म्हणायची पाळी येता कामा नये.”

शिदूने हे पक्कं ध्यानात ठेवलं. शुक्रवारी त्याच्याजवळ जाण्याचं तिकीट होतं, परतीचं होतं, अक्काच्या पत्त्याची चिठ्ठी होती, खर्चाचे पैसे होते, फोन होता. काही म्हणता काही राहिलं नव्हतं. तोच काउंटरवरच्या मुलीने चित्रांचा एक फलक पुढे केला. चाकू, कात्री, काडेपेटी, फटाके, रॉकेल. “यातलं काही आहे का सामानात?” तिने विचारलं.

यातलं एकही नव्हतं. शिदू शरमला. जरा थांबा म्हणून बाहेर गेला आणि तासाभराने परत आला. विळा आणला, कात्री आणली, काडेपेट्यांचं पुडकं आणलं, लवंगी फटाक्यांची माळ आणली. रॉकेल कुठेच मिळालं नाही, त्याबद्दल त्याने हात जोडून माफी मागितली.

पोलिसांनी त्याला बाकावर बसवलं आणि त्याची सगळी वंशावळ विचारून घेतली. नशिबाने विमानालाच उशीर होता. एका दयाळू जमादाराला त्याची कीव आली. “शहाण्या, कोणी असलं काही विचारलं की नाही म्हणायचं. एवढं जमेल का?”

एवढं शिदूला जमलं. शनिवारी सकाळी तो त्या देशात उतरला. तिथला अधिकारी हिंदी जाणणारा होता. परतीचं तिकीट आहे का? नाही. खर्चाला पैसे? नाही. राहायची सोय? नाही. इथे ओळखीचं कोणी? नाही. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, शिदूकडे पाहिलं आणि हा फोटो तुमचाच का म्हणून विचारलं. शिदूने मान हलवून ठामपणे सांगितलं, नाही.

त्याला परत पाठवायचं ठरलं. बाहेर दाजी वाट बघत होते, त्यांना आत बोलावलं. त्यांनी शिदूच्या खिशातून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. दोन तास दाजी विनवण्या करत होते. शेवटी शिक्का बसला. अधिकाऱ्याने शिदूला सावकाश समजावलं, की व्हिसाशिवाय आलेल्याने फक्त फिरायचं, बघायचं. परवानगी तीस दिवसांची. काम मात्र करायचं नाही. काम करताना सापडलात तर पुढच्या विमानाने घरी.

लग्नघरात शिदूने या नियमाचा मान राखला. स्वतःची पिशवी उचलली नाही; दाजींनी उचलली. अक्काने लसूण सोलायला दिला, तो त्याने बघितला. पाहुण्यांना पाणी दे म्हटल्यावर माठाजवळ उभा राहून पाण्याची चौकशी केली. कायदा पाळणारे लोक आपल्याकडे असेच घरच्यांच्या डोळ्यांवर येतात.

रविवारी बारा वाजले. नवरदेव पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. मामा, नवरीला आणा, असा भटजींनी पुकारा केला. शिदू खुर्चीवर मांडी ठोकून बसला होता. “हे काम कुणाचं?” त्याने विचारलं.

“मामाचं,” भटजी म्हणाले.

“मग जमणार नाही. मला कामाची परवानगी नाही.”

विहीणबाई बघायला लागल्या. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या लांबून ज्या एका कामासाठी भावाला आणलं, तेवढंच काम तो करणार नव्हता. बारा पाच झाले. तेव्हा दाजींनी डोकं चालवलं. ते शिदूच्या कानाशी लागले.

“काम नको करू, शिदू. फिर. केतकीला घे आणि फिर.”

शिदूचा चेहरा खुलला. फिरायला पूर्ण परवानगी होती.

इकडे अक्काने केतकीला सकाळपासून बजावलं होतं, की मामाच्या मागून मान खाली घालून चालायचं, मांडव येईपर्यंत वर बघायचं नाही. केतकी मामाचीच भाची. तिने मान खाली घातली.

मुहूर्त गाठायचा होता, नवरी येतेच आहे म्हणून मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी पाच म्हटली, मग आणखी दोन म्हटली, मग पहिल्यापासून सुरुवात केली. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. बारा दहा झाले, बारा चाळीस झाले. शेवटी अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले आणि त्यांनी तो खाली केला. पलीकडे पाट होता. पाटावर कोणी नव्हतं.

दाजींनी फोन लावला. शिदूने लगेच उचलला. मागे वारा घोंघावत होता. शहर दाखवणाऱ्या बिनछताच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर जागा मिळाली होती, दीपगृह बघून झालं होतं, आता पूल लागणार होता. केतकी शेजारीच होती, मान खाली घालून.

“अरे, परत कधी येणार?” दाजी ओरडले.

“घाई कशाला, दाजी?” शिदू म्हणाला. “तीस दिवस आहेत.”