गुडघ्यांपुरती जागा

देवाच्या घराला कुलूप लावताना कुणाचेच हात कसे थरथरत नाहीत? आत मेणबत्त्या, फुलं, रेशमी पडदे, सगळं जपून ठेवलेलं. आणि बाहेर पायरीवर एक लेकरू उभं. त्याला देवाशी बोलायचंय. उद्या नाही, आत्ता! कुणी ठरवलं, की फरशी वाळेपर्यंत रडणाऱ्यानं थांबावं?

दुल्सीन अशीच पायरीवर उभी होती.

समुद्राकाठच्या गावात, मोगऱ्याच्या वाड्यांपलीकडे, झावळ्यांनी शाकारलेली तिची इवलीशी झोपडी होती. आई देवाघरी गेलेली. उरले होते फक्त बाबा. पास्कू त्यांचं नाव. ते दुसऱ्याच्या होडीवर मासे धरायला जायचे आणि दुल्सीन रेबेकाबाईंच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. म्हणून दुपारचा भात मिळायचा. रात्रीचा भात बाबा आणायचे.

आता दोन दिवस बाबाच आले नव्हते. काल वादळ उठलं होतं. आज वारा पडला, पण समुद्रावर दाट धुकं उतरलं होतं. वेळेवर परतलेल्या होड्या वाळूत गप्प झोपल्या होत्या. बाबांची होडी मात्र कुठेच नव्हती.

"मिंगेलकाका, मला आत जाऊ द्या ना," दुल्सीन म्हणाली. मिंगेलकाका चर्चच्या चाव्या सांभाळायचे. "मी वेदीपुढे जराशी बसते. कशाला हात लावणार नाही."

"पाय बघ तुझे! केवढा चिखल! उद्या सण आहे, सकाळपासून बायांनी फरशी घासलीय. उद्या ये, आंघोळ करून."

"उद्या उशीर होईल, काका. बाबांची होडी..."

"होडीचं मला नको सांगूस!" मिंगेलकाका इतक्या मोठ्यानं ओरडले, की घंटेखालची कबुतरं उडाली. दुखऱ्या दाताला कुणी धक्का लावावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते आत गेले आणि दार धाडकन लागलं.

दुल्सीन धावत सुटली ती थेट मोगऱ्याच्या वाडीत येऊन थांबली.

किती सुंदर होती ती वाडी! हिरव्यागार पानांत पांढऱ्याशुभ्र कळ्या, जणू कुणी आभाळातून तांदूळ सांडलेत. पानापानावर धुक्याचे थेंब, थेंबाथेंबात चिमुकलं इंद्रधनुष्य. दुल्सीन एका झुडपाशी बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागली.

"हळू गं, माझं घर हलतंय," कुणीतरी म्हणालं.

झुडपाच्या शेंड्यावर एकच कळी उरली होती. दुल्सीन प्रत्येक झुडपावर एक कळी न खुडता ठेवायची. रेबेकाबाई रागवायच्या, "ती एक कुणासाठी गं, राणीसाहेब?" दुल्सीन म्हणायची, "झाडासाठी." ती कळी आता हळूच किलकिली झाली, आतून एक परी बाहेर आली आणि कळी पुन्हा मिटली. बोटाच्या पेराएवढी! दुधासारखा झगा, पंखांना जांभळी किनार, आणि केसांत परागांची सोनेरी टिकली.

"तू ठेवलेल्या कळ्यांमध्येच आम्ही राहतो," परी म्हणाली. "आज तुझी पाळी. माग, काय मागतेस?"

"माझे बाबा परत आण!"

परीनं पंख मिटले. "मी आणत नाही गं. ऐकणारा वेगळा आहे, तुला ठाऊक आहे तो. मी फक्त उजेड नेऊन पोचवते. ही कळी घे. जिथे कुणीतरी दुसऱ्यासाठी रडून प्रार्थना केली असेल, ती जमीन पवित्र असते. तिथे ही कळी गरम होईल. तिथेच गुडघे टेकायचे आणि एकदाच मागायचं. सूर्य पाण्यात बुडायच्या आत."

"एवढंच?"

"अजून एक. त्या जागेवर आधीच कुणी असेल, तर त्याला उठवायचं नाही. 'जरा बाजूला व्हा' असंसुद्धा म्हणायचं नाही. म्हणालीस, तर कळी कोमेजेल."

दुल्सीननं कळी मुठीत धरली. परी तिच्या वेणीवर बसली, जणू चिमणं पांढरं फुलपाखरू.

आधी त्या दोघी तिठ्यावरच्या क्रुसाकडे गेल्या. गावाचा हा जुना दगडी क्रूस! सणासाठी त्याला चुना लावला होता, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, रंगीत पताका फडफडत होत्या. दुल्सीनला वाटलं, पवित्र जागा हीच. पण क्रुसापुढे दोन बाया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आमच्या घरचा हार वरती लागतो, आज नाही, आजेसासऱ्यांपासून!"

"कुठला हार? गेल्या वर्षी बकरीनं खाल्ला तोच ना?"

"बकरी कुणाची होती, ते बोल आधी!"

मुठीतली कळी गारच राहिली. पहाटेच्या पाण्यासारखी गार. दुल्सीन थोडा वेळ थांबली. कुणीतरी गुडघे टेकेल, निदान क्रुसाची खूण करेल, असं तिला वाटत होतं. पण भांडण हारावरून बकरीवर आणि बकरीवरून लग्नातल्या मानपानावर गेलं.

"चल," परी हळूच म्हणाली. "ऊन केशरी झालंय."

मग कुठे जायचं? दुल्सीनला सुचेना. तिचे पायच तिला समुद्राकडे घेऊन गेले. आणि काय आश्चर्य! वाळूत पाऊल पडलं तशी कळी कोमट झाली. पुढे गेल्यावर उबदार. पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीजवळ पोचली तेव्हा कळी चुलीतल्या निखाऱ्यासारखी चमकत होती. तिच्या बोटांच्या फटींतून गुलाबी उजेड गळत होता.

होडीच्या आडोशाला कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. पांढरा सदरा वाळूनं माखला होता. खांदे थरथरत होते.

ते मिंगेलकाका होते!

"मागं वळ," दुल्सीनच्या मनात आलं. "यांनीच तुला हाकललं." ओल्या वाळूचा तो तुकडा छोटासा होता. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला लाटा. मध्ये मिंगेलकाका. धुक्यातून दिसणारा सूर्य तांबड्या थाळीसारखा पाण्याला टेकला होता. उठा म्हटलं असतं तर ते उठले असते, मोठी माणसं रडताना दिसली की लगेच उठतात. आणि खरंच, चाहूल लागताच त्यांनी डोळे पुसले आणि ते उठू लागले.

"उठू नका, काका!" दुल्सीन घाईघाईनं म्हणाली. "मी बसते तुमच्या शेजारी. मला थोडीशीच जागा लागते."

मिंगेलकाका परत खाली बसले. "तू इथे कशाला आलीस, पोरी?"

"बाबांसाठी."

"माझा पोरगा, जोकीम, पण त्याच होडीवर आहे," काका म्हणाले. "मी आत वेदीपुढे बसायला गेलो होतो गं. सगळं चर्च रिकामं, मी एकटा. पण तुला हाकलून दिल्यावर तोंडातून शब्दच निघेना. तिथे मला लाज वाटली. म्हणून इथे आलो."

दुल्सीनला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्यांच्या गुडघ्यांखालची वाळू आसवांनी भिजली होती, आणि कळी तिथेच सगळ्यात जास्त लखलखत होती. तिनं आपला छोटासा हात त्यांच्या मोठ्या हातात घातला आणि शेजारी, अगदी पाण्याच्या कडेला, गुडघे टेकले. लाटेनं तिचा परकर भिजवला. ती हलली नाही.

एकदाच मागायचं होतं. ती बाबांचं नाव घेणार होती. पण शेजारी काका 'जोकीम, जोकीम' असं पुटपुटत होते.

"देवा," दुल्सीन म्हणाली, "माझ्या बाबांना आण. जोकीमदादाला आण. त्या होडीत जो कोणी असेल, त्याला आण. कुणालाच मागं ठेवू नकोस."

मिंगेलकाकांनी डोळे मिटले. "आमेन," ते म्हणाले.

आणि कळी उमलली! एकेक पाकळी उघडली तशी एकेक उजेडाची रेघ पाण्यावर धावली. चंदेरी, सोनेरी, मोरपंखी. परी दुल्सीनच्या वेणीवरून उडाली आणि तिच्या गालाशी थांबली.

"जाते मी," ती म्हणाली.

"तू परत येशील?"

परी हसली फक्त. मग ती उंच गेली, अजून उंच, बुडत्या सूर्यापेक्षाही झळझळीत झाली. तिचे पंख विरले, झगा विरला, आणि ती सगळीच्या सगळी उजेड होऊन गेली. धुकं पडद्यासारखं दुभंगलं. हवेत फक्त मोगऱ्याचा वास उरला.

त्या फटीतून एक काळा ठिपका दिसला. मग फाटलेलं शीड. मग वल्ही. मग हाका!

"बाबा!" दुल्सीन पाण्यात धावली. पास्कूनं उडी मारून तिला छातीशी धरलं. जोकीम खाली उतरला तो वडिलांच्या गळ्यातच पडला. सगळेच्या सगळे परत आले होते, भुकेले, खारवलेले, थकलेले, पण सगळे.

मिंगेलकाका चर्चकडे गेले आणि त्यांनी दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडली. खलाशी ओल्या कपड्यांनी आत आले, तिठ्यावरच्या बाया हार टाकून धावत आल्या, रेबेकाबाई आल्या. दुल्सीन वेदीपुढे बाबांच्या मांडीवर बसली. धुतलेल्या फरशीभर वाळू आणि चिखल झाला आणि त्या संध्याकाळी तो पुसायला कुणीच उठलं नाही.

होडीचा प्रमुख, म्हातारा तांडेल बस्त्याव, शेवटच्या बाकावर टेकला होता. कुणीतरी त्याला गरम चहा दिला आणि विचारलं, "तांडेल, एवढ्या धुक्यात वाट कशी सापडली? उजेड दिसला म्हणून?"

"उजेड दिसला की," बस्त्याव चहा फुंकत म्हणाला. "पण समुद्रावर उजेड लई फसवतो. मग त्यात दोन माणसं दिसली, हातात हात धरून बसलेली. तेव्हा म्हटलं पोरांना, आता मारा वल्ही. रिकाम्या किनाऱ्याकडे कोण वल्हवतो?"