सगुणेचे नाव

एका राज्यात मेलेल्या माणसाची आठवण ठेवायला बंदी होती. राजा चंद्रकेतूची आई वारली तेव्हा तो तीन महिने सिंहासनाकडे फिरकला नाही. मग कालदंत नावाचा मायावी दरबारात आला आणि म्हणाला, "महाराज, मृतांची नावे माझ्या हंड्यात द्या. नाव गेले की आठवण जाते, आठवणीबरोबर दुःख जाते." राजाने आधी आपल्या आईचे नाव दिले आणि तसा हुकूम काढला. तेव्हापासून दहाव्या दिवशी प्रत्येक मृताचे नाव हंड्यात जाई. जो ते न देता पुढे उच्चारी, तो जागच्या जागी शिळा होई.

राजाच्या नगरीत शेवंता नावाची रंगारीण होती. तिची आई सगुणा वारली. दहाव्या दिवशी शिपाई दारात आले. शेवंता म्हणाली, "देत नाही." त्यांनी तिला दरबारात उभे केले.

"सगळे देतात," राजा म्हणाला. "तुलाच का जड जाते?"

"महाराज, तिने मला नऊ महिने वाहिले. मी तिला दहाच दिवसांत खाली ठेवू काय?"

कालदंत हसला. "विस्मरतळे पार कर, छायावन ओलांड, आणि माझ्या गुहेत हंड्यासमोर उभी राहून आईचे नाव घे. जिवंत राहिलीस तर नाव तुझे."

शेवंता निघाली. तळ्याकाठी एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "बाई, हे पाणी ओठाला लावू नकोस. मी एकदा चोच बुडवली, आता माझे घरटे कोणत्या झाडावर ते मला ठाऊक नाही." तीन दिवस शेवंता पोहली. घशाला कोरड पडली, जीभ टाळ्याला चिकटली, पण तिने ओठ उघडले नाहीत.

पलीकडे छायावन होते. तिथे झाडाखाली सगुणाच बसलेली दिसली, तरुण, हसरी. "ये बाळ," ती गोड आवाजात म्हणाली. "तू माझी गुणाची लेक. इथेच राहा."

शेवंतेचे पाय थबकले. तिला मांडीवर डोके टेकावेसे वाटले. पण ती म्हणाली, "माझी आई भांडकुदळ होती. कापड नीट पिळले नाही तर पाठीत धपाटा घालायची, आणि मग स्वतःच तेल लावायची. तू तिच्यासारखी दिसतेस, पण तू ती नव्हेस." छाया विरून गेली. शेवंता रडत रडत पुढे चालत राहिली.

गुहेत तांब्याचा हंडा होता. भोवती माणसांच्या शिळा होत्या, सगळ्यांची तोंडे अर्धी उघडी. शेवंता म्हणाली, "सगुणा." तिची पावले दगड झाली.

"गप्प बस," हंड्याआडून कालदंत म्हणाला. "अजून घोट्यांच्या वर जिवंत आहेस."

मग तिला उमगले की इथवर आलेले सारे याच धमकीला भिऊन बोलता बोलता थांबले होते, म्हणूनच शिळा झाले होते. ती बोलत राहिली. "सगुणा रंगारीण. मिठाचा खडा चघळायची. घोरायची. मेली तेव्हाही तिच्या नखांत नीळ होती." दगड छातीपर्यंत चढला. उरलेल्या श्वासाने ती ओरडली, "सगुणा माझी आई."

हंडा मधोमध तडकला. नावे थव्यासारखी बाहेर पडली. शेवंतेचे दगड झालेले अंग पुन्हा जिवंत झाले, शिळा झालेली माणसे खोकत उठली. कालदंताची मंत्रविद्या त्या नावांवरच पोसलेली होती; तो मूठभर राख होऊन खाली बसला.

नगरीत घरोघर लोक हातातले काम टाकून रडू लागले. शेवंता घरी परतली तेव्हा राजा अनवाणी तिच्या दारी आला. "माझ्या आईचे नाव आठवले," तो म्हणाला. "पण दुःखही परत आले. त्याचे काय करू?"

"माझ्याकडे उपाय नाही, महाराज. पण तिच्याविषयी सांगा, मी ऐकते."

राजा पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने हुकूम मोडीत काढला आणि दुःखासकट राज्यकारभार चालवू लागला.

कहाणी इथे पुरी झाली. ऐकणाऱ्याने आपल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे, मगच उठावे.