सोनेरी मासा आणि कळकट स्पंज

या गोष्टीला जंगल लागत नाही, एक काचेची टाकी पुरते. गोदाक्का आणि भालबा यांच्या घरी, टीव्हीशेजारच्या स्टुलावर ती टाकी होती आणि तिच्यात एक सोनेरी मासा राहत असे. आणला तेव्हा पावट्याच्या शेंगेएवढा होता. पण भूक अशी, की दाणा पाण्याला टेकायच्या आत गट्ट! बघता बघता तळहाताएवढा झाला. पोरांनो, वाढावं, त्याला कोण नको म्हणतंय? पण जो फार खातो तो घाणही फार करतो. हे तोंडावर सांगितलेलं कुणालाच आवडत नाही. तुम्हालाही आवडलं नसेल. नसू दे.

टाकीत एक म्हातारी गोगलगाय होती, तोंडाने फटकळ. आणि कोपऱ्यात पंपाखाली एक स्पंज होता. त्या स्पंजात बारीक बारीक जंतू राहत. जंतू म्हटलं की लगेच नाक मुरडू नका, सगळेच काही आजार आणत नाहीत. हे तर राबणारे होते. माशाची घाण पाण्यात विरली की तिचं विष होतं. ते विष खाऊन पाणी धड ठेवायचं, हेच त्यांचं काम. स्वतः ते दिसायचे नाहीत. दिसायचा फक्त स्पंजावरचा तपकिरी, बुळबुळीत थर. तसाच थर गोगलगायीच्या पाठीवरही होता.

माशाला तो थर डोळ्यांपुढे नको असे. आपण सोन्यासारखे आणि शेजार हा असला!

"ए म्हातारे, पाठ घास की जरा," तो म्हणायचा. "पाहुणे मला बघायला येतात, आणि मध्येच तुझं ध्यान दिसतं."

"तुला बघायला येतात, आणि तुझ्या मागचं निस्तरतं कोण रे ढमाल्या?" गोगलगाय म्हणायची. "त्या स्पंजातल्यांचे पाय धर, पाय!"

"त्यांना पाय आहेत कुठे?" मासा खदखदून हसायचा.

मग स्पंजातून बारीकसा आवाज यायचा, "दादा, खा हो, पण जरा बेताने. तू झपाट्याने वाढतोस, आम्ही हळूहळू वाढतो. काम आवरेनासं झालंय."

"आवरत नसेल तर चालते व्हा!" असं म्हणून मासा काचेशी जायचा, शेपूट हलवायचा आणि वर येऊन तोंडाची उघडझाप करायचा. तोंड वासलं की दाणा पडतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पोट भरलेलं असलं तरी वासायचाच. भालबा खूश! "अगं बघ, मला ओळखतो! भुकेला आहे बिचारा." की टाकली चिमूट.

अशाने पाणी गढुळलं. आता गोदाक्काची एक सवय सांगायला हवी. नळाला पाणी आलं, की कालचं सगळं शिळं म्हणून मोरीत ओतायचं, हंडा-कळशी घासायची आणि ताजं भरायचं. शिळ्या पाण्याचा तिला मनापासून तिटकारा. एकदा नणंद यायची होती म्हणून घर आवरता आवरता तिची नजर टाकीवर गेली.

"अहो, हे पाणी कधीचं? माणसाला शिळं चालत नाही आणि मुक्या जिवाला चालतं होय?"

झालं! मासा आणि गोगलगाय पडले बादलीत. टाकीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत मोरीत गेलं. दगड घासले, काच घासली. स्पंज नळाच्या धारेखाली धरला, आपटला, पिळला, पुन्हा आपटला. तपकिरी पाण्याचा लोट निघाला. त्या लोटाबरोबर जंतूंचं सगळं गाव वाहून गेलं. कोण जगलं, कोण मेलं, विचारणार कोण?

टाकीत ताजं पाणी आलं आणि मासा गरागरा फिरला. "याला म्हणतात घर! गेली एकदाची कटकट."

"पाणी झोंबतंय रे," गोगलगाय म्हणाली आणि तिने कवचाचं दार लावून घेतलं.

नणंद आली आणि बघतच राहिली. "वहिनी, पाणी आहे की नाही तेच कळत नाही हो!"

मासा फुगला. पण दोन-चार दिवस गेले आणि त्याच्या कल्ल्यांना मिरची लागल्यासारखी आग व्हायला लागली. पाणी तर लख्ख! मग होतंय काय? त्याची स्वतःचीच घाण विष होऊन पाण्यात साठत होती आणि ती खायला स्पंजात कुणी उरलं नव्हतं. विषाला ना रंग असतो ना रूप. मासा कोपऱ्यात गेला. "अहो, कुणी आहे का?" त्याने हाक मारली. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून "अहो" निघालं होतं.

त्याचा जीव घुसमटला. तो वर गेला आणि तोंड वासून गटागटा हवा गिळू लागला. भालबांनी पाहिलं. "आज भलताच भुकेला दिसतोय गडी!" आणि टाकली की दोन चिमूट जास्त.

"अहो, भूक नाही, जीव चाललाय!" मासा ओरडला. पण ओरडायलाही तोंडच उघडावं लागतं. भालबांनी आणखी एक चिमूट टाकली. दाणे तळाशी जाऊन कुजू लागले आणि आग दुप्पट झाली.

गोगलगायीने दार किलकिलं केलं. "भूक नसताना तोंड वासून दाखवलंस ना आजवर? आता खरं सांगायला दुसरं तोंड कुठून आणशील?"

"टोमणे नंतर मार गं आजी. मी मरतोय!"

"आजी झाले होय आता? मग ऐक. तोंड मिट आणि खाली ये. दाणा पडला तरी त्याच्याकडे बघू नको. माझ्या पाठीवर चार जंतू जगलेत. मी जाऊन स्पंजावर बसते. पसरतील ते तिथे. पण तू खात राहिलास तर त्यांना झेपणार नाही, आणि तू जगणार नाहीस."

मासा खजील झाला. "म्हणजे ज्या पाठीला मी..."

"तीच ती पाठ. बोलू नको, दम जातो."

पुन्हा दाणा पडला. माशाची शेपूट आपोआप हलली, तोंडाला पाणी सुटलं. म्हणजे सगळीकडे पाणीच होतं म्हणा, पण सुटलं. वर जाऊन एकच दाणा गिळावा, असं त्याला फार फार वाटलं. त्याने नाक दगडांत खुपसलं आणि काचेकडे पाठ केली.

"अगं ए, लवकर ये!" भालबा ओरडले. "हा पाठ फिरवून बसलाय!"

गोदाक्का ओल्या हातांनीच धावत आली. "हा? आणि खाण्याकडे पाठ?" तिने टाकीवर वाकून वास घेतला. "दिसायला काच आणि वासाला मोरी! या हावऱ्याने खाणं सोडलं, म्हणजे पाण्यातच काहीतरी बिघडलंय. सगळं ओतते आणि ताजं भरते."

तिने नळ फिरवला. नळाने नुसतंच फुस्स केलं. त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं. घरात होती ती कालची एक बादली.

"आता गं बाई! शिळं कसं घालू?"

"घाल गं, मरायला टेकलाय तो!"

तोंड वाकडं करून तिने टाकीतलं थोडं पाणी काढलं, तळाचे कुजके दाणे उपसले आणि तेवढंच शिळं पाणी भरलं. नळाच्या ताज्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो. बादलीत राहून तो उडून गेला होता. माशाने एक श्वास घेतला, मग दुसरा. कल्ल्यांची आग जराशी निवली आणि त्याचे पर उघडले.

"अगंबाई!" गोदाक्काने गालावर हात ठेवला. "याला शिळंच मानवतं की!"

त्या दिवसापासून रोज थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच बादलीतलं शिळं घालायचं, असं ठरलं. भालबांची चिमूट तिने निम्म्यावर आणली आणि डबा फळीवर ठेवला. माशाने सगळं निमूट सोसलं. हळूहळू स्पंजावर तपकिरी झाक आली आणि एके सकाळी आतून बारीकसा आवाज आला, "दादा, आलो हो."

"या, या! सावकाश होऊ दे," मासा म्हणाला. "मीही आता सावकाशच खातो."

मासा मात्र वाढतच होता, आणि टाकी पुरेना. भालबांनी मोठी टाकी आणली. गोदाक्काने दोन दिवस बादल्या भरून ठेवून शिळं पाणी साठवलं, नवी टाकी भरली आणि गोगलगायीला अलगद उचलून तिच्यात ठेवलं. मग जुना स्पंज चिमटीत धरला. "नवी टाकी, नवा स्पंज. हा कळकट कचऱ्यात टाकते."

तो पाण्याबाहेर निघणार, तेवढ्यात माशाने झेप घेऊन त्याचं टोक तोंडात धरलं. गोदाक्काने ओढलं. मासाही ओढत राहिला.

"अहो, सोडत नाहीये हा!"

"भूक लागली असेल," भालबा म्हणाले.

नव्या टाकीतली गोगलगाय हसता हसता काचेवरून घसरली. शेवटी गोदाक्काने हात टेकले आणि माशाला स्पंजासकट नव्या टाकीत सोडलं. तिथे कोपऱ्यात तो कळकट स्पंज अजून आहे, आणि त्याला कुणी हात लावला की सोनेरी मासा आडवा येतो.

तात्पर्य : आपली घाण जो गपचूप निस्तरतो त्याला घाण म्हणू नये, आणि त्याला झेपेल त्याहून जास्त आपण खाऊ नये.