गुरूवरचा डाग

"बुवा, चंद्र अर्ध्या वाटेत हरवतो कसा?"

केतकीनं विचारलं तेव्हा बुवांच्या मठीच्या गच्चीवर अंधार चांगलाच दाटला होता. खाली गावात दिवे लागले होते.

अच्युतबुवा दुर्बिणीचे आरसे हातानं घासून बनवत. केतकी तीन वर्षं त्यांच्याकडे शिकत होती. यंदा तिनं स्वतःचा कॅमेरा आणला, आणि तेव्हापासून ती दुर्बिणीला डोळा लावेनाशी झाली.

आज गुरूचा चंद्र, आयो, गुरूच्या तबकडीसमोरून जाणार होता. त्याचं छायाचित्र उद्या तालुक्याच्या प्रदर्शनात लावते, असं तिनं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. भिंतीवर जागाही राखून ठेवली होती.

"कडेपर्यंत ठिपका नीट दिसला. आत शिरला आणि गेला. उद्या काय दाखवू? नुसता गुरू?"

"बघू."

तिनं लॅपटॉप पुढे केला. पट्ट्यापट्ट्यांचा, गुळगुळीत गुरू. कोपऱ्यात ठळक अक्षरांत: छाया : केतकी मोहिते.

बुवांनी चष्मा कपाळावर चढवला.

"फारच स्वच्छ आहे."

"एक काळा डाग होता. धूळ. फुंकणीनं उडवून पाहिली, हटेना. मग चित्रातूनच पुसून टाकली."



बुवा उठून दुर्बिणीपाशी गेले. कॅमेऱ्याचा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा हलकेच पाव फेरा फिरवला.

"अहो बुवा, तो सरळ लावायला मला अर्धा तास लागला."

"पडद्यावर बघ."

पडद्यावर दुर्बिणीतून थेट दिसणारा गुरू कलंडला. आडवे पट्टे उभे झाले. डागही त्यांच्याबरोबर गेला, आपल्या पट्ट्याला चिकटून.

"धूळ कुठं बसते?"

"कॅमेऱ्यात."

"मग गुरू कलंडला तर तिनं का कलंडावं?"

केतकीनं पडद्यावरच्या डागावर बोट टेकवलं.

"सावली आहे ती," ती हळूच म्हणाली. "आयोची."

"आणि आयो?"

"तिथंच आहे. उजळ गुरूसमोर उजळ ठिपका... म्हणून दिसत नाही."

बुवांनी मान हलवली.

पुढच्याच क्षणी केतकीनं लॅपटॉप जवळ ओढला.

"मी पुसली की हो ती."

"ज्यातून चित्र काढलंस, ती मूळ चित्रफीत?"

तिनं घाईघाईनं शोधली. होती. डागही होता, शाईच्या टिंबासारखा, आपल्या जागी. तिनं रोखलेला श्वास सोडला. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"तीन वर्षं शिकून सावलीवर फुंकणी मारत बसले."

"हटली नाही, हे नशीब."

तिनं चित्र पुन्हा तयार केलं. या वेळी काहीच पुसलं नाही. कोपऱ्यात जुनी ओळ आपोआप उमटली. बुवांनी ती सावकाश, मोठ्यानं वाचली.

"छाया... केतकी मोहिते."

मग वर आकाशातल्या गुरूकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

केतकीचे कान तापले. तिनं नाव पुसलं. 'छाया' एवढाच शब्द उरला, आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

"मग इथं कुणाचं लिहू?"

बुवा कॅमेऱ्याचा स्क्रू आवळत होते.

"ज्याची छाया, त्याचं नाव."