पालथा तांब्या आणि तहानपरी

धुकटवाडीत एक नेम होता. घरातल्या बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, की घरातला तांब्या तिच्या दाराशी पालथा घालायचा. मग बाळ होईपर्यंत तिच्या तोंडात काही म्हणजे काही पडता कामा नये. ना घास, ना घोट. पाणी पोटात गेलं की बाळ वर चढतं, असं वाडीतल्या म्हाताऱ्या सांगत. हे त्यांना कुणी सांगितलं, ते मात्र विचारायचं नाही.

सोनकीने एकदा विचारलं होतं. तेव्हा गोदाआत्याने तिला चुलीजवळून उठवून धुक्यात, अंगणाच्या पार टोकाला उभं केलं होतं.

सोनकी अगदी इवलीशी होती. डोंगरउतारावरच्या पिवळ्या सोनकीच्या फुलाएवढी, असं तिची आई म्हणायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कोणतं ते शोधावं लागे. आईच नव्हती, तर परकर कोण शिवणार? बाबा लाकडं घेऊन दूरच्या बाजारांना जात, आणि घर सांभाळायला त्यांची थोरली बहीण, गोदाआत्या, येऊन राहिली होती.

आई गेली त्या दिवशीही तांब्या पालथा होता. सोनकी दाराला टेकून बसली होती. आतून आईचा आवाज आला होता, "घोटभर पेज द्या गं कुणीतरी." कुणी दिली नाही. संध्याकाळी आई गप्प झाली, आणि आईच्या कुशीतलं चिमुकलं बाळही गप्पच राहिलं. आई कशाने गेली हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण ती तहानलेली गेली, हे सोनकीला ठाऊक होतं.

आणि आज तीच वेळ वेणूताईवर आली होती. सोनकीची मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहाटेपासून तिला कळा येत होत्या. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं, आणि ताईही मोकळी झाली नव्हती.

"आत्या, ताईचे ओठ सुकलेत," सोनकी म्हणाली.

"सुकणारच. मुलं काय गाणी म्हणत होतात?"

"थोडंसं पाणी..."

"तांब्या कसा ठेवलाय दिसतोय ना? मग झालं. जा, रानातून लाकडं आण. पाणी तापवायचंय."

"प्यायला?"

"बाळाच्या आंघोळीला. जास्त चुरूचुरू बोलू नकोस."

वाडीची सुईण भागूबाई दारात पान चघळत होती. ती हसली. "गोदाताई, ही पोरगी सकाळी सासरी गेली ना, तर संध्याकाळी सासूच माहेरी निघून जाईल बघा."

सोनकीने पाण्याने भरलेली भोपळ्याची तुंबी खांद्याला अडकवली आणि ती निघाली. मागून ताईचं कण्हणं ऐकू येत राहिलं, धुक्यात हरवलेल्या वासरासारखं.

रान त्या दिवशी अगदी उदास होतं. झाडं राखाडी, वाटा राखाडी. पाखरं पंखांत चोच खुपसून बसलेली. सोनकी काटक्या वेचत वेचत इतकी आत गेली, की तिला एक बाग लागली. रानात बाग! तिथे बुटकी बुटकी झाडं होती, आणि पानापानाच्या टोकाला एकेक थेंब लटकत होता. कुणी दुधाळ, कुणी मधाळ, कुणी निळसर, कुणी गुलाबी. ऊन नव्हतं तरी ते लुकलुकत होते. आणि त्यांच्याखाली एका वाळक्या पानावर एक एवढीशी परी पडली होती. चतुराच्या पंखांसारखे तिचे जाळीदार पंख सुकून चुरगळले होते.

सोनकी काही न विचारता खाली बसली. तिने तुंबीतलं पाणी करंगळीवर घेतलं आणि एकेक थेंब परीच्या ओठांवर सोडला. सगळी तुंबी रिकामी झाली. मग परीच्या पंखांवर हिरवी, जांभळी, सोनेरी झाक चढली, आणि ती उठून बसली.

"मी कोण हेसुद्धा विचारलं नाहीस?" परीने विचारलं. तिचा आवाज काचेच्या बांगडीसारखा किणकिणला.

"आमची आत्या म्हणते, दारी आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव."

"शहाणी आहे तुझी आत्या," परी म्हणाली, आणि खिन्न हसली. "मी तहानपरी. वेणा देताना ज्या बायांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांची तहान या बागेत येऊन लटकते. मी ती सांभाळते. सांभाळता सांभाळता मीच सुकत चालले आहे."

सोनकीने पानांकडे पाहिलं. एक थेंब तांदळाच्या पेजेसारखा पांढुरका होता. तिला तो न सांगता ओळखू आला. ती खूप वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"हा आता आईला नेऊन देता येईल?" शेवटी सोनकीने विचारलं.

"नाही गं, राणी."

सोनकीने परकराने डोळे पुसले. शेजारी आणखी एक थेंब होता. जुना, करडा, आणि सारखा थरथरणारा. "हा कुणाचा?"

"तुझ्या गोदाआत्याचा. तिच्या पहिल्या बाळाच्या वेळचा. ती वाचली, बाळही वाचलं, पण तहान इथेच राहिली. ताक मागत होती बिचारी. जिरं घातलेलं." परीने सोनकीच्या गालाला हात लावला. "तू मला पाणी दिलंस. आता तू माग."

"ताईच्या कळा थांबव."

"ते माझ्या हाती नाही, चिमणे. लाटांवरून होडी काठाला लागते, तसं कळांवरून बाळ येतं. लाटा थांबवून कसं चालेल? पण वल्हवणारीच्या हातात बळ हवं. या बागेतून तिच्यासाठी तीन गोष्टी निवड. नेम मात्र ऐकून घे. लपवून न्यायचं नाही. लपवलंस तर पाचोळा होईल. ताईने हवं म्हटलं तरच द्यायचं, आणि घोटाघोटाने द्यायचं. आणि कुणीही खाली ठेव म्हटलं तरी हातातून सोडायचं नाही."

परीने टाळी वाजवली, आणि झाडं लखलखली. फांद्यांना जिलब्यांची सोनेरी कडी लागली. चकल्या लागल्या. केशरी दुधाच्या वाट्या लागल्या. बेदाणे खोचलेले बेसनाचे लाडू इवल्या कंदिलांसारखे झुलू लागले. सोनकीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिचा हात सरळ लाडवाकडे गेला.

"हा कुणासाठी?" परीने हळूच विचारलं. "तुझ्या डोळ्यांसाठी, की ताईच्या घशासाठी?"

सोनकीने हात मागे घेतला. तिला आपला ताप आठवला. अंग भाजत होतं आणि शेजारच्या काकूंनी मायेने लाडू भरवला होता. तो घशात वाळूसारखा बसला होता. तेव्हा काय गेलं होतं घशाखाली? पातळ, कोमट, खारट असं काहीतरी. तळलेलं नव्हे, तुपात निथळणारं नव्हे, दाट दूधही नव्हे.

तिने लखलखती झाडं सोडली आणि कोपऱ्यातल्या साध्या झाडांकडे गेली. करवंटीभर शहाळ्याचं पाणी घेतलं. द्रोणभर मऊ पेज घेतली, मिठाची कणी घातलेली. आणि बळासाठी मूठभर खजूर, बिया काढलेला, जिभेवर विरघळेल असा.

"तू डोळे मिटून निवडलंस," परी म्हणाली. "म्हणून नीट निवडलंस."

कशी कोण जाणे, वाट झटकन सरली. अंगणाच्या कडेला येताच सोनकीला भागूबाई दिसली. सोनकीने द्रोणाखाली मुठीत धरलेला खजूर पटकन परकराच्या ओच्यात दडवला. ओच्यात खुसखुस झालं. तिने पाहिलं, तर नुसता पाचोळा.

सोनकीला रडू फुटलं. पण दोन गोष्टी अजून हातात होत्या. एका हातात करवंटी, एका हातात द्रोण. तिने दोन्ही हात उंच धरले, वाडीतल्या कुणालाही दिसतील असे, आणि ती सरळ ओसरीवर चढली.

"लाकडं कुठायत?" गोदाआत्या म्हणाली. मग तिची नजर द्रोणाकडे गेली. "हे काय?"

"पेज आहे. आणि शहाळ्याचं पाणी. ताईसाठी."

"डोकं फिरलंय का तुझं? ठेव ते खाली."

"नाही ठेवणार."

आत्याने द्रोण ओढला. पण तो सोनकीच्या बोटांना असा चिकटला होता, जणू बोटांमधूनच उगवला होता. भागूबाईने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, बाळ वर चढेल."

"तुम्ही कधी चढलेलं बघितलंय?"

भागूबाई दारातून बाजूला झाली, पण आत्या दार अडवूनच उभी राहिली. तेवढ्यात आतून, तुटक्या आवाजात, ताई म्हणाली, "सोनके, काय आणलंयस? दे. मला हवंय."

सोनकी आत्याच्या हाताखालून आत शिरली. पालथा तांब्या तिच्या पायाला लागून घरंगळत गेला, कोपऱ्याशी थांबला आणि डुगडुगत सरळ उभा राहिला.

ताईचा चेहरा विझत आलेल्या पणतीसारखा झाला होता. सोनकीने करवंटी तिच्या ओठांना लावली. एक घोट. मग कळ आली. कळ ओसरली, मग आणखी एक घोट. मग पेजेचा एक घोट. ताई मध्येच म्हणे, "आता नको," आणि सोनकी थांबे. ताई मान हलवे, आणि सोनकी पुन्हा देई. करवंटी रिकामी होतच नव्हती. हळूहळू ताईच्या डोळ्यांत वात उजळली. तिने सोनकीचा दंड घट्ट धरला, दात आवळले, आणि दिवेलागणीला घरात एक चिमणा, चिरका, जिवंत आवाज उमटला.

मुलगी झाली होती. मूठ आवळलेली, गुलाबी, रागावलेली.

भागूबाईने नाळ कापली, बाळाला न्हाऊ घातलं, ताईला निजवलं, आणि बाहेर येऊन ओसरीवर बसली. शेजारपाजारच्या म्हाताऱ्याही जमल्या. कुजबुज झाली. मग गोदाआत्याने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "देवाच्या दयेने झालं सगळं नीट. पण पोरीने जे केलं ते या ओसरीच्या बाहेर जायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, नेम पाळला. सोनके, तांब्या घे आणि पालथा ठेव. पुढच्या महिन्यात कासारांच्या शेवंताचं बाळंतपण आहे, तिच्या कानावर हे जायला नको."

सोनकीने तांब्या घेतला. ती रांजणापाशी गेली, आणि तिने तो काठोकाठ भरला.

"मी नाही पालथा घालणार," ती म्हणाली. "लपवणार पण नाही. मी उद्या शेवंतावहिनीला सांगणार, ताईने पाणी प्यायलं आणि पेज प्यायली. तिला काय हवं तेही विचारून येणार. तुम्ही मला अंगणात उभं करा नाहीतर रानात. आत्या, तुम्हीच शिकवलंत ना, दारी आलेल्याला आधी पाणी? चोर आला तरी देता. मग ताईलाच का नाही? माझ्या आईलाच का नाही?"

कुणीतरी तोंड उघडलं. सोनकीने तिकडे पाहिलंही नाही. ती आत्याकडेच पाहत होती.

"तुम्ही ताक मागितलं होतं, आत्या. जिरं घातलेलं. तुम्हालाही कुणी दिलं नाही."

गोदाआत्याचा चेहरा एकदम उतरला. हे तिने आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दूर रानावरचं धुकं फाटलं. दुधाळ, मधाळ, निळसर, गुलाबी असे ठिपके झाडांवरून सुटून वर चालले होते. त्यांतला एक पेजेसारखा पांढुरका ठिपका क्षणभर सोनकीच्या अंगणावर थांबला आणि मग वर गेला. सगळ्यांच्या शेवटी चतुराच्या पंखांची एक हिरवी-सोनेरी लकेर चमकली, साऱ्या डोंगरावर उजेड सांडला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

सोनकी आत गेली. मडक्यात सकाळचं ताक होतं. तिने वाटीत ओतलं, वर जिरं चुरडलं, आणि वाटी आत्यासमोर ठेवली.

गोदाआत्याने वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि एक घोट घेतला. आतून बाळाचा चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज तेवढा येत राहिला.